विश्लेषण : शौचावरचा ताबा सुटतो तेव्हा… शस्त्रक्रिया कोणाला आणि कितपत उपयोगी?

विरारहून चर्चगेट साधारण ६० किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा तासाहून अधिक वेळ जातो. डब्यात शौचालय नाही आणि गर्दीच्या वेळी मध्येच भाईंदर किंवा बोरिवलीला उतरायचे म्हटले तर दारापर्यंत पोहोचणे हीच एक परीक्षा. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीच्या पुलावर गाडी थांबली, तर पोटात कळ आलेल्या माणसाला काय वाटते ते प्रत्येक वसई-विरारकराने एकदा तरी अनुभवले असेल. पण काही प्रौढांसाठी हा एखाद्या दिवसाचा प्रसंग नसतो. त्यांचा शौचावरचा ताबाच गेलेला असतो. कळ आली की मिनिटभरही थांबता येत नाही, किंवा कळ न येताच कपडे खराब होतात. ते नोकरी सोडतात, लग्नकार्याला जाणे टाळतात, आणि कारण विचारले तर ‘पोट बरे नाही’ एवढेच सांगतात.

लोकलच्या डब्यांत मूळव्याध, भगंदर, ‘विना ऑपरेशन गॅरंटी’ अशी स्टिकर वर्षानुवर्षे चिकटलेली दिसतात. या त्रासाचे स्टिकर कुठेच दिसत नाही. त्याला मराठीत धड नावही नाही. डॉक्टर ‘फिकल इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांमधील याचे प्रमाण व्याख्येनुसार १ ते १० टक्के इतके दिले आहे. यावर शस्त्रक्रिया आहेत, एक नव्हे तर अनेक. मात्र कोणती करायची हे नेमके काय बिघडले आहे त्यावर ठरते, आणि बहुतेकांना ऑपरेशनपर्यंत जावेही लागत नाही.

ताबा राहतो कसा आणि सुटतो कसा?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेशिवाय सतत आवळलेले राहते, झोपेतसुद्धा. बाहेरचे कडे आपण ठरवून आवळतो. लोकलमध्ये ‘धरून ठेवतो’ ते याच्याच जोरावर. त्यांच्या वर एक स्नायू गुदाशयाला गोफणीसारखा पुढे ओढून धरतो, त्यामुळे नळी सरळ न राहता वाकलेली राहते. या सगळ्यांना संदेश पोहोचवणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकातून, म्हणजे त्रिकास्थीतून येतात.

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हे सगळे दोन व्हॉल्व्ह आणि एका वाकड्या पाइपसारखे वाटते. माझाही तोच समज होता. पण यातला कठीण भाग व्हॉल्व्हचा नाही, सेन्सरचा आहे. गुदाशय थोडा भरला की आतले कडे क्षणभर सैल पडते आणि खालची नाजूक त्वचा ‘चाचपून’ घेते की आलेला वायू आहे, पातळ आहे की घट्ट. त्यावरून मेंदू ठरवतो की आत्ता सोडायचे की थांबायचे. ही जाणीव गेली, तर स्नायू ठणठणीत असूनही ताबा जातो. ज्यांना कळतच नाही त्यांचे आतले कडे किंवा जाणीव बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. ज्यांना कळते पण थांबता येत नाही त्यांचे बहुधा बाहेरचे कडे. म्हणून डॉक्टरने ‘आधी कळते का?’ असे विचारले तर तो प्रश्न वरवरचा समजू नये.

कारणे कोणती?

महिलांमध्ये सर्वात मोठे कारण बाळंतपण. पहिली खेप, मोठे बाळ, चिमटा लावून केलेली प्रसूती, यांत खालचा भाग फाटून जखम गुदद्वाराच्या कड्यापर्यंत जाऊ शकते. नेहमीच्या टाक्यांपेक्षा ही गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने दिलेल्या आकड्यांनुसार तिथे पहिल्या खेपेच्या योनीमार्गे प्रसूतींत अशी जखम ६.१ टक्के, तर पुढच्या खेपांत १.७ टक्के महिलांना होते. ती लगेच ओळखून प्रशिक्षित हाताने शिवली, तर वर्षभरानंतर ६० ते ८० टक्के महिलांना काहीही त्रास राहत नाही.

अडचण होते ती न ओळखलेल्या जखमांची. १९९३ मध्ये डॉ. अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये पहिलटकरणींची गुदद्वारातून सोनोग्राफी केली. योनीमार्गे प्रसूती झालेल्या ३५ टक्के महिलांच्या कड्यात खंड दिसला. त्रास मात्र सहा आठवड्यांनी १३ टक्क्यांनाच होता. म्हणजे फटीचा बोभाटा लगेच होतोच असे नाही. तरुणपणी बाकीचे स्नायू भार उचलतात. चाळिशी-पन्नाशीत, रजोनिवृत्तीच्या आसपास ते थकले की वीस वर्षांपूर्वीचे बाळंतपण डोके वर काढते. तोवर त्याचा संबंध कोणाला आठवतही नाही. आई-मावशांच्या पिढीत ‘बाळंतपणानंतर एवढे चालायचेच’ म्हणून किती जणींनी हे निभावून नेले असेल, याची नोंद कोणाकडेच नाही.

पुरुषांत आणि महिलांतही दुसरे मोठे कारण भगंदर. भगंदराची नळी कधीकधी थेट या कड्यातूनच जाते. ती कापताना कड्याचा किती भाग कापला जातो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. त्यामुळे भगंदर वर, खोल असेल तर जाणकार सर्जन आधी एमआरआय करून नकाशा पाहतात आणि कड्याला वाचवणारी पद्धत निवडतात. आयुर्वेदातील क्षारसूत्रालाही आधार आहे. आयसीएमआरच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रानंतर ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. जखम भरायला मात्र क्षारसूत्रात दुप्पट वेळ लागला. म्हणून प्रश्न पॅथीचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. वसई-नालासोपाऱ्यात बोगस डॉक्टरांवर कारवाईच्या बातम्या काही नवीन नाहीत. दाहक औषध टोचून किंवा लावून मूळव्याध ‘जाळणाऱ्या’ दवाखान्यात कोंबासोबत कडेही जळते, आणि ते परत मिळत नाही.

याशिवाय मधुमेह, पक्षाघात, मणक्याची दुखापत, गुदाशय बाहेर येणे, ओटीपोटावरची रेडिएशन ही कारणे आहेतच. एक कारण घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हमखास चुकते. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना सारखे पातळ होते म्हणून जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. प्रत्यक्षात आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि पातळ मल त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळीने ते आणखी बिघडते.

ऑपरेशनच्या आधी काय?

मल घट्टसर राहिला तर कमकुवत कडेही तो धरू शकते. म्हणून सुरुवात इसबगोलासारख्या तंतूंनी, आहारातील बदलांनी आणि डॉक्टरच्या सल्ल्याने लोपरामाइडसारख्या गोळीने होते. चहा-कॉफी कमी केल्यानेही काहींना फरक पडतो. त्यासोबत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि बायोफीडबॅक, म्हणजे आपण नेमका कोणता स्नायू आवळतो आहोत ते पडद्यावर पाहून शिकणे. हे काही महिने नेटाने करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण बऱ्याच रुग्णांची गाडी इथेच रुळावर येते.

त्रास मोजण्यासाठी १९९३ पासून वापरात असलेली एक सोपी गुणपद्धती आहे. घट्ट मल, पातळ मल, वायू, पॅड वापरावे लागणे आणि दैनंदिन जगण्यात करावा लागलेला बदल या पाच गोष्टींना ० ते ४ गुण द्यायचे, एकूण २०. शून्य म्हणजे उत्तम ताबा. दोन आठवडे मोबाइलच्या नोट्समध्ये रोजची नोंद ठेवून डॉक्टरकडे गेलात तर तोंडाने सांगण्याचा संकोच निम्मा कमी होतो.

एवढ्याने भागले नाही तर दोन चाचण्या महत्त्वाच्या. गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी कडे कुठे तुटले आहे ते दाखवते. मॅनोमेट्री दाब किती राहतो आणि जाणीव किती आहे ते मोजते. या दोन्ही न करता कोणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

तुटलेले कडे शिवता येते का?

येते. ‘स्फिंक्टरोप्लास्टी’ या शस्त्रक्रियेत तुटलेल्या कड्याची दोन टोके शोधून ती एकमेकांवर चढवून शिवतात, पट्ट्याची टोके एकावर एक घ्यावीत तशी. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अ‍ॅलन पार्क्स यांनी १९७१ मध्ये ही पद्धत मांडली. जखम जुनी असली तरी ती करता येते, हे तिचे वैशिष्ट्य. एकाच जागी स्पष्ट खंड आहे आणि नसा शाबूत आहेत, अशा रुग्णांना ती शोभते. सुरुवातीचे निकाल चांगले असतात.

पुढचे मात्र रुग्णाला आधीच सांगायला हवे. याच रुग्णालयातील रुग्णांचा किमान पाच वर्षांनंतर घेतलेला आढावा २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात मल आणि वायू दोन्हींवर पूर्ण ताबा असलेला एकही रुग्ण उरला नव्हता. तरीही निम्म्याहून अधिक जणांना आपण आधीपेक्षा बरे आहोत असे वाटत होते. या दोन वाक्यांपैकी पहिलेच वाचले तर शस्त्रक्रिया निरुपयोगी वाटेल आणि दुसरेच वाचले तर रामबाण. खरी अपेक्षा त्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवावी लागते. रोज कपडे खराब होणाऱ्या बाईला महिन्यातून एकदाच तसे झाले, तर ती पुन्हा लोकल पकडू शकते. ‘पूर्ण बरी’ या रकान्यात मात्र तिची नोंद होत नाही.

गुदाशय बाहेर येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तो पोटातून वर ओढून बसवण्याची शस्त्रक्रिया, बहुतेकदा दुर्बिणीतून, आधी केली जाते आणि तेवढ्यानेच अनेकांचा ताबा सुधारतो.

पाठीतला ‘पेसमेकर’ काय करतो?

गेल्या तीस वर्षांत सर्वात मोठा बदल इथे झाला. जर्मनीतील एर्लांगेन येथील क्लाउस मात्सेल यांनी १९९५ मध्ये तीन रुग्णांवर त्रिकास्थीतील नसांना विजेचे सौम्य झटके देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही कल्पना मुळात लघवीच्या तक्रारींसाठी होती. अमेरिकेच्या एफडीएने लघवीसाठी १९९७ मध्ये आणि शौचाच्या ताब्यासाठी २०११ मध्ये तिला मान्यता दिली.

पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी एक बारीक तार त्रिकास्थीच्या छिद्रातून नसेजवळ ठेवतात आणि शरीराबाहेरच्या उपकरणाने दोन-तीन आठवडे चाचणी घेतात. रुग्ण डायरी लिहितो. कपडे खराब होण्याचे प्रसंग निम्म्याने कमी झाले, तरच नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली बॅटरी बसवतात. आधी वापरून पाहा आणि मग घ्या, अशी सोय देणारी ऑपरेशने फार नाहीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३३ जणांची अशी चाचणी झाली आणि १२० जणांना कायमचे उपकरण बसले. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले होते, तर ४१ टक्क्यांना पूर्ण ताबा मिळाला होता.

ते नेमके कसे काम करते? सुरुवातीला वाटले की वीज स्नायू आवळते. आता असे मानतात की तिचा परिणाम मुख्यतः आतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवर होतो. पुन्हा सेन्सरच! तोटेही आहेत. जंतुसंसर्ग झाला तर उपकरण काढावे लागू शकते, तार सरकू शकते, चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आणि खर्च लाखांच्या घरात जातो. भारतात ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच आहे.

याच्याच नावाने एक स्वस्त भाऊबंदही फिरतो, घोट्याजवळ सुई टोचून नसेला वीज देण्याचा. ब्रिटनमधील २२७ रुग्णांच्या चाचणीत, तिचे निकाल २०१५ मध्ये आले, खऱ्या उपचाराचा ३८ टक्क्यांना आणि नकली उपचाराचा ३१ टक्क्यांना उपयोग झाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. ‘स्टेम सेल’च्या जाहिरातींबाबतही सावध राहावे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताच्या काही आजारांतील मान्य प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा वापर मंजूर संशोधनाबाहेर करता येत नाही, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसेही घेता येत नाहीत.

कृत्रिम कडे का रुजले नाही?

हा भाग माझ्या मते सर्वात बोलका आहे. मांडीतला एक लांब स्नायू गुदद्वाराभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया १९५२ पासून माहीत होती. पण मांडीचा स्नायू धावण्यासाठी असतो, तो लवकर थकतो. १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये त्याला सतत वीज देऊन न थकण्याची सवय लावली गेली. काहींना चांगला उपयोग झाला, पण गुंतागुंत एवढी की अमेरिकेत ती उपकरणासह मान्य झालीच नाही. पुढे सिलिकॉनचे, द्रव भरून फुगणारे कडे आले; त्याला एफडीएने २००१ मध्ये परवानगी दिली. ज्या जागेतून रोज मल जातो तिथे परकी वस्तू बसवल्यावर संसर्ग आलाच. कित्येकांचे कडे काढावे लागले. मग टायटॅनियमच्या चुंबकी मण्यांची माळ आली, जोर दिला की उघडणारी आणि नंतर आपोआप मिटणारी. उत्पादकाने तीही २०१७ मध्ये बाजारातून काढून घेतली. ब्रिटनमधील तिची तुलनात्मक चाचणी अर्ध्यावर थांबली.

तीनही वेळा दार बंद करण्याचा प्रश्न सुटला. दाराशी कोण आले आहे हे ओळखण्याचा सुटला नाही.

पोटावर पिशवी म्हणजे हार?

शेवटचा पर्याय म्हणून मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढतात. याला कोलोस्टोमी किंवा स्टोमा म्हणतात. आपल्याकडे पिशवी म्हटले की कॅन्सर आणि ‘आता काही उरले नाही’ असेच डोळ्यांपुढे येते. पण ज्याच्या कमरेखालच्या नसाच गेल्या आहेत, किंवा ज्याच्यावर बाकी सर्व उपाय फसले आहेत, त्याच्यासाठी ही पिशवी घराबाहेर पडण्याचे तिकीट ठरू शकते. मल कधी, कुठे आणि कोणासमोर येईल ही धास्ती संपते. पिशवी कपड्यांखाली दिसत नाही आणि प्रवासात बदलता येते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि मुंबईतच ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था काम करते. ऑपरेशनच्या आधी पिशवी वापरणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलायला मिळाले, तर निर्णय सोपा होतो.

एका प्रसंगात मात्र थांबू नये…

कंबर दुखत असताना अचानक शौचावरचा किंवा लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, सायकलची सीट टेकते त्या भागात बधिरपणा आला किंवा पायांतली शक्ती गेली, तर ती मणक्यातील चकती सरकून नसांचा जुडगा दाबला गेल्याची खूण असू शकते. इथे इसबगोल आणि व्यायामाचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. दाब शक्य तितक्या लवकर काढला नाही, तर ताबा कायमचा जाऊ शकतो. तसेच शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणे आणि शौचाची सवय अलीकडेच बदलणे हे एकत्र असेल, तर आधी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी.

वसई-विरारकरांनी जायचे कुठे?

२००९ मध्ये चार नगर परिषदा आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर चाळी आणि टॉवर किती वाढले ते ग्लोबल सिटीकडे पाहिले तरी कळते. सुरुवातीची तपासणी, औषधे आणि व्यायाम इथल्याच सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टकडे होऊ शकतात. पुढच्या चाचण्यांसाठी बहुतेकदा मुंबईच गाठावी लागते. पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांची केईएम, नायर, शीव आणि कूपर ही रुग्णालये आहेत. मणक्याच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. गुदद्वाराची सोनोग्राफी आणि मॅनोमेट्री कोणत्या वारी होते हे निघण्याआधीच विचारून घ्यावे, नाहीतर एक खेप फुकट जाते. डहाणूपर्यंतच्या प्रवाशांना हे आणखी जड. चर्चगेट ते डहाणू सुमारे १२४ किलोमीटर. विरारपुढे लोकल २०१३ पासून धावते, शौचालयाशिवायच.

खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना आणले आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ठेवले. मात्र ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून उपचाराच्या नावासह तपासून घ्यावे. खासगी विमा असेल तर बसवायच्या उपकरणाबद्दलची अट लेखी मागावी. डायपरचा खर्च तर रोजचाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्लिनिकल डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेवढाच दिलासा.

पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची डायरी, चालू गोळ्यांची यादी, आणि बाळंतपण किंवा भगंदर-मूळव्याधीचे ऑपरेशन झाले असेल तर त्याचे डिस्चार्ज कार्ड, कितीही जुने असले तरी, सोबत न्यावे. वेळ शक्यतो दुपारची मागावी. अकरानंतरच्या लोकलला गर्दी कमी असते आणि उतरायला जागा मिळते.